रिलीव्हर येईपर्यंत

बाबा, तुमच्या तेरवीला गोळाभात कमी पडला. पातेलं खरवडल्याचा आवाज पंगतीपर्यंत गेला, म्हणजे तुमच्या मते आपल्या घराचं नाकच कापलं गेलं. आई आदल्या दिवसापासून बजावत होती, "बाई, हे प्लांटवाले लोकं हायेत, बसले का उठत नाहीत, तांदूळ वाढवजो." पण मी तुमचीच मुलगी, ऐकते कशाला! शेवटी शेजारच्या साहूजींच्या घरून भाताचं पातेलं आलं आणि तुमच्या शिफ्टमधल्या म्हाताऱ्यांनी तुमच्याच गोष्टी सांगत, खिदळत तेही संपवलं. एक पाहुणी माझ्या कानाशी लागून म्हणाली, तेरवीला एवढं हसणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, माझ्या बाबांना चाललं असतं.

हे मी अगदी ठणकावून म्हटलं. पण दुसरे दोन शब्द काही केल्या माझ्या तोंडून निघत नव्हते, आणि सगळ्यांना सांगायचे होते तेच. तुम्ही गेलात त्या सकाळी मी लाखनीच्या काकांना फोन लावला. काका तिकडून "हॅलो, हॅलो, बोल ना पोरी" करत राहिले आणि मी फोन साहूजींच्या हातात देऊन भिंतीकडे तोंड केलं. मग सगळे फोन साहूजींनीच केले. गावाकडच्यांना, माझ्या कॉलेजात, सासरी. वर्गात तास तास बोलणारी मी, गल्लीत ज्या बाईच्या आवाजाची चेष्टा होते ती मी, दोन शब्दांपाशी अडकले. ते शब्द शेवटी काल दुपारी माझ्या तोंडून कसे निघाले, हे तुम्हाला सांगायचं आहे. यातलं बरंचसं तुम्हाला माहीत असायला हवं, पण शेवटी शेवटी तुमचा काही भरवसा नव्हता, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आपल्या घरात देवाच्याही वर एक माणूस होता, तो म्हणजे तुमचा रिलीव्हर. तुम्ही पोलादाच्या प्लांटमध्ये, पंप हाऊसचे ऑपरेटर. भट्टीला थंड ठेवणारं पाणी तुमच्या पंपांतून जायचं आणि ते थांबून चालत नसे. त्यामुळे पुढच्या शिफ्टचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम. नुसता येऊनही भागायचं नाही. काय चालू आहे, काय बंद आहे, कशावर नजर ठेवायची, हे तुम्ही त्याला सांगायचं. त्यानं ते जसंच्या तसं परत म्हणायचं, आणि ओरडून म्हणायचं, कारण पंपांच्या घरघराटात दुसरं काही ऐकू येत नसे. मग तुम्ही विचारायचं, "ले लिया?" तो म्हणायचा, "ले लिया." झालं, चार्ज त्याचा, तुम्ही मोकळे. आणि रिलीव्हर आलाच नाही तर पुढची शिफ्टही तुमच्याच गळ्यात. त्याला तुम्ही 'डबल' म्हणायचात, आणि आई जे म्हणायची ते इथं लिहिता येत नाही.

माझ्या साक्षगंधाच्या दिवशी पाहुणे नागपूरहून येऊन मरोद्याच्या आपल्या क्वार्टरमध्ये बसले होते आणि मुलीचा बाप पंप हाऊसमध्ये अडकलेला. तुमचा रिलीव्हर वर्मा त्या दिवशी उगवायलाच तयार नव्हता. आई बाहेर गोड हसून चहावर चहा पाजत होती आणि आत येऊन दातओठ खात होती. तुम्ही आलात ते पायात सेफ्टी बूट, डोक्यावर हेल्मेट तसंच. माझ्या सासऱ्यांपुढे हात जोडून म्हणालात, "माफ करा, रिलीव्हर आला नाही वेळेवर." सासरे बँकेतले, सरळमार्गी. त्यांना वाटलं, तुमच्याकडचा कुणीतरी मानाचा पाहुणा यायचा राहिलाय. ते म्हणाले, "हरकत नाही, येऊ द्या त्यांना. आपण थांबू." आणि खरंच थांबले! त्यांना उमज पडेपर्यंत मुहूर्त निघून गेला. आमचा संसार तरीही बरा चालला आहे, हे वर्माला कळवायचं राहून गेलं.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं. जुनवानीत दोन खोल्या बांधल्या, वर पाण्याची टाकी. घर आईचं आणि टाकी तुमची, अशी सरळ वाटणी होती. व्हरांड्यात मोटरच्या बटणापाशी खुर्ची टाकून तुम्ही बसायचात. मोटर किती वेळ चालवायची, कधी थांबवायची, याबद्दल घरातल्या कुणाला अवाक्षर काढायची परवानगी नव्हती. आपली टाकी कधी वाहिली नाही. साहूजींची मात्र रोज वाहायची. तुम्ही खुर्चीतूनच कंपाउंडकडे तोंड करून गरजायचात, "साहूजी, टंकी ओव्हर!" की तिकडे पळापळ. साहूजीही प्लांटमधलेच, रेल मिलचे. पाण्याचं त्यांना काही कळत नाही, असं तुम्ही त्यांच्या तोंडावर म्हणायचात आणि त्यांच्याच घरचा चहा प्यायचात.

आपलं भांडण तेव्हापासूनचं.

"बाबा, नागपूरले चला ना आता. आईचे गुडघे गेले. तिथं दवाखाना जवळ हाय, मी हाय."

"अन् इथं?"

"इथं काय? कुलूप लावू."

"कुलूप काय रिलीव्हर हाय का?"

"कावून असं करता बाबा? कोणती भट्टी जळून राहिली इथं?"

"भट्टी नसन. पानी तं हाय."

मी पाय आपटत ऑटोत बसायची. तुम्ही ऑटोपर्यंत यायचात आणि एक शब्द न बोलता अंगणातल्या शेवग्याच्या, आपल्या मुनग्याच्या, शेंगांची जुडी माझ्या मांडीवर ठेवायचात. भांडण तिथंच राहायचं. पुढच्या खेपेला तिथूनच पुढे सुरू करायचं, एवढा आपला दोघांचा समजूतदारपणा होता. आता ते भांडण माझ्याकडे अर्धं पडून आहे. एकटीनं कसं भांडू?

मग तुम्ही विसरायला लागलात. आधी भाज्यांची नावं, मग लोकांची, मग चौकातून घराकडे यायचा रस्ता. आईनं स्कूटरची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. तुम्ही कितीतरी दिवस घरभर शोधलीत, मग काय शोधतोय तेच विसरलात, आणि त्या दिवशी आई रडली. तुम्ही शोधत होतात तोवर ती चिडत होती. माणूस शोधायचं थांबला, याचं तिला वाईट वाटलं.

सगळं गेलं पण रिलीव्हर काही गेला नाही. दुपारचे दोन वाजायला आले की तुम्ही खुर्चीत ताठ होऊन बसायचात, नजर फाटकावर. दोनला शिफ्ट बदलते. रिलीव्हर आल्याशिवाय उठायचं नाही, जेवायचं नाही, आडवं व्हायचं नाही. आई फोनवर माझ्या नावानं ओरडायची, जशी काही ती शिफ्ट मीच लावली होती. "आता तूच सांग, मी थो वर्मा कुठून आणू? थो तं कधीचा गेला पोराकडं राहाले! अन् हे भात थंडा करून राहिले बसल्या बसल्या."

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं दुर्गला उतरायची. एका शनिवारी फाटक उघडून आत आले तर तुम्ही माझ्याकडे बघून खूश झालात. मी पिशवी खाली ठेवून पायाला हात लावणार, तोच म्हणालात, "आ गया वर्मा? आज टाइम पे आया रे!"

मी तडक स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागले. आई पोळी लाटत होती. तिनं लाटणंही थांबवलं नाही.

"रडून कावून राहिली? तुले वर्मा तं म्हणतेत. मले कँटीनवाली समजतेत. सकाळी म्हणे, बाई, दोन चहा पाठव अन् साहेबाच्या नावावर लिव."

मला रडता रडता हसू फुटलं. तोंड धुतलं, आणि वर्मा होऊन बाहेर आले. तुम्ही चार्ज दिलात. तुमचं घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी असायचं, आणि चार्ज म्हणजे फाटकाबाहेरचं काम, म्हणून तो हिंदीत.

"टंकी भरी है. मोटर बंद है. मुनगे पे बंदर आया था, ध्यान रखना."

"हो बाबा."

"हो क्या? बोल के बता. जोर से!"

आणि मी, नागपूरच्या कॉलेजातली प्राध्यापिका, जुनवानीच्या त्या व्हरांड्यात उभी राहून भर दुपारी ओरडले, "टंकी भरी है! मोटर बंद है! बंदर आया था!" समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई घाबरून मुनग्याकडे बघायला लागली. तुम्ही विचारलंत, "ले लिया?" मी म्हटलं, "ले लिया." तुम्ही उठलात, माझ्या खांद्यावर थोपटलंत, पोटभर जेवलात आणि संध्याकाळपर्यंत निवांत झोपलात. मग रोजचंच झालं. मी नसेन तेव्हा साहूजींची सून यायची, दूधवाला यायचा, कुणीही यायचं. आई मात्र कधी त्यात पडली नाही. "मी नाही हे नाटकं करत," म्हणायची. "साऱ्या जिंदगीभर त्या रिलीव्हरनं माझा सैपाक थंडा केला. आता मीच रिलीव्हर बनू का?"

आणि तो साहूजींचा दिवस तुम्हाला आठवतो का? नसेलच. आई मरोद्याला हळदीकुंकवाला गेली होती. माझी गाडी लेट. दोन वाजता साहूजी आपली वाटी परत करायला आले आणि तुम्ही त्यांना चार्ज दिलात. त्यांनीही सवयीनं ओरडून परत म्हटला, "ले लिया" म्हणाले, आणि तुम्ही चपला घालून सरळ त्यांच्या घरात जाऊन बसलात. मी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. तुमच्या खुर्चीत साहूजी, हातात वाटी, घामानं डबडबलेले.

"अंकलजी, बाबा कहाँ हैं?"

"छुट्टी होगे उनकर. हमर घर म बइठे हें, चीला खावत हें."

"तो आप यहाँ क्यों बैठे हैं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हिला आईबापानं काही शिकवलं नाही. "रिलीवर नइ आइस न बेटी. कइसे जातेंव?"

बाथरूमलासुद्धा उठले नव्हते. मी चार्ज घेतल्याबरोबर जे पळाले! आणि कंपाउंडपलीकडे त्यांच्या व्हरांड्यात तुम्ही टमाटरच्या चटणीशी चीला, म्हणजे तांदळाचं धिरडं, खात त्यांच्या बायकोला सांगत होतात, की हल्लीचे रिलीव्हर फार चांगले, अगदी वेळेवर येतात. त्या दिवशी मला कळलं, की बिघडला होतात ते तुम्ही एकटे नाही. ही अख्खी वसाहतच अशी आहे.

तुम्ही मला ओळखत नव्हतात, याचं दुःख मी नंतर नंतर करायचं सोडलं, त्याचंही कारण तुम्हीच. एका दुपारी चार्ज देऊन झाला तरी तुम्ही उठला नाहीत. गप्पांच्या मूडमध्ये होतात. म्हणालात, "वर्मा, मेरी लडकी है ना, नागपूर में. प्रोफेसर है. बहुत गुस्सेवाली है."

"अच्छा? किस पे गई?"

"माँ पे."

आतून आई, "आयकून राहिली बरं मी!"

तुम्ही आवाज खाली केलात. "हर हप्ते आती है. आती है ना, तो घर में आवाज रहता है. अपने को आवाज की आदत है ना वर्मा. पंप बंद हो जाए तो नींद नहीं आती, वैसा."

माझा वर्मा तिथंच सुटला. मी म्हटलं, "मंग तिले कावून नाही सांगत?"

"सांगितलं का पोट्टी मले नागपूरले नेते," तुम्ही म्हणालात, आणि जेवायला उठलात.

बाबा, कुठल्या मुलीला बापाच्या तोंडून हे असं ऐकायला मिळतं? तुमचं डोकं ठिकाणावर असताना तुम्ही मला एवढंच म्हणायचात, "गाडीत खिडकीजवळ बसजो." त्या आजारात तुमचे मी किती हाल पाहिले, त्याला किती शिव्या घातल्या, पण हे एक देणं त्याचंच. त्यासाठी मी अजून कितीतरी वर्षं वर्मा झाले असते.

झाले असते का? आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू. मला तुमचा रागही यायचा. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला की माझा आवाज चढायचा. तुम्हाला आंघोळ घालताना तुम्ही हात झिडकारलात की मलाही तांब्या आपटावासा वाटायचा. ज्या हातांनी व्हील फिरवून मोठमोठे व्हॉल्व्ह बंद केले, त्यांना शर्टाचं बटण लागत नव्हतं, आणि मला त्या हातांचीच चीड यायची, त्यांनी असं का व्हावं म्हणून. रविवारी दुर्गहून गाडी सुटली की मला एकदम हलकं वाटायचं. राजनांदगाव येईस्तोवर परत फिरावंसं वाटायचं. डोंगरगडच्या पुढे मी दोन्हींवर रागावलेली असायची. हे सगळं प्रेमच होतं की काय ते मला माहीत नाही, पण दर शनिवारी मी पुन्हा गाडीत बसत होते, खिडकीजवळ.

मग तुमच्या छातीत कफ झाला आणि तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं एका दुपारी तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्याकडे बघितलंत. वर्माकडे नाही, माझ्याकडे.

"बाई," तुम्ही म्हणालात. "आता माझ्याकडून चार्ज घेऊन टाक."

मी स्टूल पुढे ओढलं.

"टाकीचा व्हॉल्व्ह गळून राहिला, वायसर बदलून घेजो. पावसाच्या आंधी मुनगा छाटजो. तुझी आई गोळी घेतली म्हणते अन् घेत नाही, समोर उभी राहजो." थोडा दम घेतलात. "घेतला का?"

बाबा, आयुष्यभर चार्ज तुम्ही हिंदीत दिलात. वर्माला हिंदीत, साहूजींना हिंदीत, मला वर्मा समजून दिलात तोही हिंदीत. हा मराठीत होता. हा पंप हाऊसचा नव्हता. मी 'घेतला' म्हटलं की तुम्ही उठून निघणार, हे मला त्या क्षणी स्वच्छ समजलं. तुम्ही वाट बघत होतात. एकच शब्द हवा होता तुम्हाला.

मी म्हटलं, "रिलीव्हर नाही आला बाबा. डबल करा लागते."

तुमच्या कपाळाला आठी पडली. "पुन्हा डबल?"

"हो."

"साहेबाले सांगितलं का?"

"सांगितलं."

"मंग चहा तं पाठव," तुम्ही म्हणालात. आणि खरोखर डबल केलंत! डॉक्टरांनी आमची तयारी करून ठेवली होती, तरी तुम्ही त्यानंतर कितीतरी दिवस थांबलात. चमच्यानं चहा घेतलात. साहूजी भेटायला आले तेव्हा त्यांच्या टाकीची चौकशी केलीत. आईचा हात धरून तासन् तास पडून राहिलात, जे आम्ही घरात कधी पाहिलं नव्हतं, आणि आई लाजून पदर सारखा करत होती. हे दिवस मी तुमच्याकडून मागून घेतले आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तरी मी तेच करीन. पण तुम्ही थकत होतात हेही मला दिसत होतं. दर थोड्या वेळानं डोळे उघडून विचारायचात, "आला का?" मी मान हलवून नाही म्हणायची. तुम्ही परत डोळे मिटायचात, शहाण्या कामगारासारखे.

त्या सकाळी तुम्ही विचारलंत, "आला का?" आणि मी उत्तर द्यायच्या आत आई उठली. तिनं मला बाजूला सारलं.

"पोट्टीच्यानं नाही होत थे," ती तुम्हाला म्हणाली. "मले द्या. मी घेतो चार्ज. सांगा."

तुमचे ओठ हलले. मी वाकूनही मला काही ऐकू आलं नाही. तिला सगळं ऐकू आलं. आणि मग माझी आई, जिनं जन्मात ते नाटक केलं नव्हतं, त्या वॉर्डात कमरेवर हात ठेवून एवढ्या मोठ्यानं बोलली की सिस्टर धावत आल्या. "टाकीचा व्हॉल्व्ह! मुनगा छाटाचा! गोळी घ्याची, खरी खरी! पोट्टी रागीट हाय, तिले एकटी नाही सोडाची! समजलं!" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "घेतला. जा तुमी आता. लय झालं डबल."

तुम्ही गेलात. जितक्या सहज खुर्चीतून उठून जेवायला जायचात, तितक्याच.

मी आईवर भयंकर चिडले होते, बाबा. कुणी सांगितलं होतं तिला मध्ये पडायला? आयुष्यभर रिलीव्हरच्या नावानं बोटं मोडणारी बाई, ती ऐनवेळी माझ्या जागी येऊन उभी राहिली. शिवनाथ नदीवर तुम्हाला पोचवून परत येताना मी तिच्याशी बोलले नाही. त्या दुपारी मी अंथरुणावर पडले आणि कित्येक महिन्यांत झोपले नव्हते तशी झोपले, आणि उठल्यावर स्वतःवर चिडले, की हिला झोप कशी लागली! तेव्हा आईनं फक्त चहाचा कप पुढे केला. तीही बोलत नव्हती. तेरवीपर्यंत ती उभी राहून सगळं करत होती, पण तोंडातून आवाज नाही. गोळ्याचं पीठ तिनंच मळलं, तांदूळ वाढव हेही तिनंच सांगितलं, तेवढंच काय ते बोलली. आईचा आवाज नसलेलं घर मी पहिल्यांदाच ऐकत होते. तुम्ही वर्माला म्हणाला होतात ते खरं आहे, अशा घरात झोप येत नाही.

परवा तेरवी झाली. काल सकाळी शेवटचे पाहुणे गेले. दुपारी मी पानं वाढली आणि आईला हाक मारली, तर ती व्हरांड्यात तुमच्या खुर्चीत बसलेली. ताठ. नजर फाटकावर.

"आई, जेव ना."

"थांब."

"कोणाले पाहून राहिली?"

"रिलीव्हरले."

वाटलं, आता हिचंही सुरू झालं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. पण तिचे डोळे अगदी शाबूत होते, आणि त्यात नेहमीचा दरारा होता.

"अशी काय पाहते? बुढी झाली असन मी, येडी नाही झाली. तुझ्या बापानं मले चार्ज देला. मी किती दिवस एकटी बसू? आयक. टाकी भरली हाय."

"आई, हे काय..."

"मोठ्यानं म्हण."

"टाकी भरली हाय."

"व्हॉल्व्ह अजून गळते."

"व्हॉल्व्ह गळते."

"नागपूरचं दिवाळीनंतर पाहू. तोवर नाव नाही काढाचं."

हेसुद्धा मी मुकाट्यानं परत म्हटलं. बघा, तुमच्याशी इतकी वर्षं भांडून जे मिळालं नाही ते तिनं चार्जमध्ये देऊन टाकलं.

"गोळी मी घेतली."

"नाही घेतली, आई."

"बरं, घेतो." मग ती थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तुझे बाबा गेले."

कंपाउंडपलीकडे साहूजींची टाकी भरून वाहायला लागली होती. पाणी धो धो अंगणात पडत होतं आणि ओरडून सांगणारं कुणी नव्हतं. आई तशीच बसून राहिली, रिलीव्हरनं परत म्हणेपर्यंत बसायचं असतं तशी. तिनं मला घाई केली नाही. मी एकदा ओठ हलवले.

"आयकू नाही आलं," ती म्हणाली. "पान्याचा आवाज लय होऊन राहिला. जोरानं म्हण, बाई."

मी जोरानं म्हटलं.

"बाबा गेले!"

गल्लीत ऐकू गेलं असेल. समोरच्या गच्चीवरच्या बाईनं ऐकलं असेल. मी रडत होते आणि आईही रडत होती, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "घेतला?"

"घेतला."

ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि जेवायला आत गेली. आतून लगेच आवाज आला, की वरणात मीठ कोण टाकते का नाही या घरात. मी तुमच्या खुर्चीत बसले. नाक पुसलं, कंपाउंडकडे तोंड केलं आणि तुमच्यासारखी गरजले, "साहूजी, टंकी ओव्हर!"